नातवाच्या खर्चाचा हिशेब

माझी लेक आणि तिची जोडीदार पुण्यात संसार करतात. जोडीदार अतिदक्षता विभागात नर्स आहे आणि नर्सेसना ऑस्ट्रेलियात मागणी आहे, म्हणून तिघांना तिकडे जायचं आहे. आठ वर्षांचा नातू ऑटिस्टिक आहे. तो लेकीला आई म्हणतो, तिच्या जोडीदाराला मम्मा. लेकीने एकल माता म्हणून त्याला जन्म दिला, त्यामुळे जन्मदाखल्यावर तिचं एकटीचंच नाव आहे. व्हिसाचा मुख्य अर्ज करणार मम्मा, आणि कागदावर तीच त्याची कुणी नाही.

ऑस्ट्रेलिया लग्नाविना राहणाऱ्या समलिंगी जोडप्यालाही मान्यता देतं. फक्त साधारण बारा महिने एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात. आपल्याकडे ते गोळा करणंच कठीण. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, हे केंद्राने स्पष्ट केलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये. भाडेकरार तर अकराच महिन्यांचा, आणि त्यातही एजंट म्हणाला, ‘‘एकाच ताईंचं नाव टाकू, दुसऱ्या मैत्रीण म्हणून राहू देत.’’ राहायला अडचण नव्हती, पण पुरावा गेला.

हे सगळं जमवलं तरी पुढे वैद्यकीय तपासणी आहे, आणि माझा खरा राग तिथे आहे. अर्जदाराच्या कुटुंबातल्या कुणाच्याही उपचारांचा आणि सामाजिक सेवांचा अपेक्षित खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला, तर सबंध कुटुंबाचा अर्ज नामंजूर होऊ शकतो. जुलै २०२४ पासून ही रक्कम ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे सुमारे अर्धा कोटी रुपये. काही व्हिसांत सूट मागता येते, काहींत तीही सोय नाही. अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा त्या देशाने १९९२ मध्येच केला, पण स्थलांतराच्या कायद्याला त्यातून वगळलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. प्रत्येक मुलावर खर्च होतोच. नातू बोलतो कमी, पण सातारा ते स्वारगेट प्रवासातले सगळे थांबे क्रमाने सांगतो. हिशेबाच्या कागदात हे कुठेच येत नाही. मम्मा तिथे वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळेल, कर भरेल, तेही मुलाच्या रकमेतून कुणी वजा करत नाही. ओळखीचे लोक सुचवतात, ‘‘निदान लपवा.’’ आम्ही लपवणार नाही. थेरपी लागते, ती त्याच्या हक्काची आहे.

नियम बदलता येतो. कॅनडाने २०१८ मध्ये आपली खर्चमर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून काढला. भारत आणि ऑस्ट्रेलिया, दोन्ही देशांत त्रुटी आहेत. आपण या नात्याला कागद देत नाही, ते मुलाच्या गरजेला किंमत लावतात. अशा घराला दोन्हींचा फटका एकाच अर्जात बसतो.

मेलबर्न-सिडनीतल्या, तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांनो, तुमच्या खासदाराला लिहा: मुलांना या हिशेबातून बाहेर काढा. आणि इथल्या घरमालकांनो, दोघी राहत असतील तर भाडेकरारात दोघींचीही नावं घाला.