व्यालेली गाय बसली तर

आपल्या धानपट्ट्यातली कठाणी गाय दूध बेताचेच देते, पण व्याल्यावर सहसा बसत नाही. कर्ज काढून आणलेल्या संकरित गायीचे तसे नाही. व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंडगार पडतात. घरचे म्हणतात नजर लागली. नजर नव्हे, हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग गार पडते.

हिशेब साधा आहे. गायीच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम खेळते आणि एका लिटर चिकातून सुमारे २ ग्रॅम निघून जाते. हाडांतून भरपाई व्हायला एक-दोन दिवस लागतात. तिसऱ्या वेतापासून पुढे तर ती आणखी मंदावते. म्हणून पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

बसलेल्या गायीला काढा पाजण्याची घाई नडते. तिला नीट गिळता येत नाही, काढा फुप्फुसात जातो. तणसाची पोती टेकवून तिला छातीवर बसती ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. शिरेतून कॅल्शियम हळूहळू गेले की बहुतेक गाई काही तासांत उभ्या राहतात. घाईने दिले तर हृदय बंद पडते, तेव्हा हे काम गावातल्या सुईवाल्याचे नव्हे.

गाभण गायीला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याचीही एक टूम निघाली आहे. त्याने शरीराला हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच राहत नाही. दुकानदाराचे मात्र भले होते!

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दुसरे दुखणे येते, किटोसिसचे. गाय ढेप सोडते, तणस चघळते, झपाट्याने वाळते, श्वासाला गोडसर वास येतो. नुसत्या तणसावर दुधाची गाय निभत नाही. हिरवा चारा, मका-कोंड्याचा खुराक हळूहळू वाढवावा लागतो.

१९६२ क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते, पण फोन लागायला रेंज हवी आणि गाडीला रस्ता. पावसाळ्यात भामरागडकडची कित्येक गावे पुराने तुटतात. ग्रामसेवकांनी व्यायला टेकलेल्या संकरित गायींची यादी दर महिन्याला दवाखान्यात द्यावी. एटापल्ली, सिरोंचा, जिवतीच्या दवाखान्यांत कॅल्शियमच्या बाटल्या मृगाआधी पोचल्या पाहिजेत. गाय मेल्यावर आलेली बाटली कर्जाचा हप्ता फेडत नाही, हे जिल्हा परिषदेला कोणीतरी सांगायलाच हवे होते.