पाऊस ‘जास्त’ म्हणजे नक्की किती?

पावसाळा आला की मोबाईलवर रोज ‘अतिवृष्टी’चे मेसेज फिरतात. शाळेला सुट्टी आहे का, हेही पालक आधी त्यातच शोधतात. पण आकड्याचा अर्थ कळला, तरच खबरदारी घेता येते.

हवामान खात्याचा हिशेब असा: सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशी 8.30 या 24 तासांत 64.5 ते 115.5 मि.मी. म्हणजे मुसळधार, 204.4 पर्यंत अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. 1 मि.मी. म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 100 मि.मी. पडला तर एका एकरावर चार लाख लिटर!

आता खरा मुद्दा. हे आकडे सगळ्यांना सारखे, पण सगळीकडचा पाऊस सारखा नाही. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मि.मी.हून जास्त पडतो, सोलापुरात पाचशेच्या आसपास. म्हणजे 65 मि.मी. हा सोलापूरच्या हंगामाचा आठवा हिस्सा, आपल्याकडे जेमतेम तीन टक्के. तिथे ज्याने हाहाकार होतो, तो आपल्याकडे जुलैतला नेहमीचा दिवस. म्हणूनच आपल्याला इशाऱ्यांची सवय होते आणि लोक म्हणतात, “हे तर दरवर्षीचंच.” धोका इथेच आहे. कारण 200 च्या पुढचा पाऊस आपल्याकडेही नेहमीचा नाही.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याची सरासरी फसवी असते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मि.मी. पडला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73 च्या आसपास. शहर एकच! मग जव्हारच्या डोंगराचा आकडा बोईसरच्या चाळीला कसा लागू पडणार? शिवाय तोच पाऊस दिवसभर पडला तर निचरा होतो. दोन तासांत पडला आणि समुद्राला भरती असली, तर पाणी घरात शिरतं. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेतीच्या नुकसानभरपाईसाठीही महसूल मंडळाची नोंद बघतात, 65 मि.मी.ची अट लागते. आपल्या मंडळाचा आकडा तलाठ्याकडे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मुलांना एक काम द्या. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा, रोज 8.30 ला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. दोन-तीन पावसाळ्यांची वही झाली, की आपल्या मोहल्ल्यात किती पावसाला पाणी भरतं, हे अफवेवरून नाही, आपल्याच नोंदीवरून कळेल.