ऋणमुक्तीचा आरंभ घरातूनच

कर्जाची लाज वाटण्याचा काळ मागे पडला, असे म्हणतात. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता यांची चर्चा आज मध्यमवर्गीय घरांत चहाच्या वेळी सहज चालते. पूर्वीच्या पिढीतील माणूस उसने मागण्यासाठी शेजाऱ्याची पायरी चढताना दहादा विचार करीत असे. आज दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेताच हप्त्याची सोय समजावून सांगतो. आणि तरीही एक आकडा आजही लपवला जातो. घरावर एकूण कर्ज किती, हा तो आकडा. नवरा तो बायकोला सांगत नाही, कमावता मुलगा वडिलांच्या कानावर घालत नाही. कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वसुलीचा फोन जामीन राहिलेल्या मेहुण्याकडे गेलेला असतो आणि आईच्या पाटल्या केव्हाच तारण पडलेल्या असतात. हप्ता उघड आणि कर्ज गुपित, अशी ही विचित्र स्थिती आहे. ऋणमुक्तीची वाट या गुपितापाशीच अडते, हे आज आम्हाला सांगायचे आहे.

प्रश्न चार-दोन बेजबाबदार माणसांचा राहिलेला नाही. बचत हा भारतीय कुटुंबाचा स्वभाव, असे आपण अभिमानाने सांगत आलो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली. अनेक दशकांतील हा नीचांक होता. पुढे ती थोडी सावरली. पण कुटुंबांवरील कर्जाचे ओझे वाढतच राहिले. त्या कर्जात आज घरकर्जापेक्षा वैयक्तिक कर्ज, कार्ड, वाहन, वस्तू अशा इतर कर्जांचा वाटा मोठा आहे. असुरक्षित कर्जांचा वेग पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांवरील निर्बंध कडक केले, यावरून प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी यावे.

या कर्जाचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. क्रेडिट कार्डावर पन्नास हजारांची थकबाकी आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे, असे धरू. महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर ३१५ रुपये, म्हणजे एकूण २,०६५ रुपये झाले. गृहस्थाने 'किमान देय रक्कम' म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरले, तर मुद्दलातून फिटले केवळ ४३५ रुपये! आपण नियमित पैसे भरतो आहोत, या समाधानात तो असतो आणि कर्ज जागच्या जागी उभे असते. कार्डावरील वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा या व्याजावर बाहेरून कोणी मर्यादा घालील, या आशेवर राहता येणार नाही. 'शून्य टक्के व्याज' अशी काही वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तरी त्या शब्दांची भुरळ ओसरलेली नाही.

ऋण ही कल्पना आपल्या संस्कृतीला परकी नाही. किंबहुना माणूस जन्मतःच ऋणी असतो, असे आपली परंपरा मानते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे फेडण्यात जीवनाचे सार्थक आहे, अशी आपली धारणा. ऋण म्हणजे कर्तव्य आणि ते फेडणे म्हणजे धर्म, हा त्यामागचा भाव आहे. ऋण काढून तूप पिण्याचे चार्वाकाच्या नावावर खपणारे तत्त्वज्ञानही याच भूमीत ऐकले गेले; समाजाने ते ऐकून घेतले, स्वीकारले नाही. सावकारालाही धर्मशास्त्राने मर्यादा घातली. कोणत्याही एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये, हा 'दामदुपटी'चा नियम हिंदू विधीतला. पुढे मुंबई प्रांतातील न्यायालयांनीही तो मानला. देणाऱ्याने मर्यादा पाळावी आणि घेणाऱ्याने वचन पाळावे, असा हा दुहेरी संस्कार होता. तुकोबांच्या चरित्रात तर त्याहून पुढचे पाऊल दिसते. घरचे महाजनपण असलेल्या तुकोबांनी दुष्काळानंतर कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला आणि धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हाती दिला, असे परंपरा सांगते. स्वतःच्या हक्कावर पाणी सोडावे, पण दुसऱ्याच्या हक्काला हात लावू नये, हा विवेक त्या प्रसंगात आहे.

ही मर्यादा सुटली की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याची पत वाढली, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच ब्रिटिश सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र होते तिथेच राहिले आणि वाढत गेले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते बाहेर काढून जाळली आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. पण कागद जाळल्याने कर्जाची गरज जळत नाही. पुढच्या पेरणीला शेतकरी पुन्हा त्याच दारात उभा राहिला. भरभराटीच्या दिवसांत सहज मिळालेले कर्ज पडत्या काळात गळफास होते, हा १८७५ चा धडा आज शहरातल्या पगारदारालाही तितकाच लागू आहे. पगारवाढ मिळाली की मोबाइलवर कर्जाचे निरोप येऊ लागतात. नोकरी गेल्यावर त्यांपैकी कोणी विचारीत नाही.

खरे उत्तर शोधले गेले ते सहकारात. पतसंस्थांविषयीचा १९०४ चा कायदा झाला तो शेतकरी, कारागीर आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांत काटकसर, स्वावलंबन व परस्पर सहकार्य वाढावे, या हेतूने. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी काटकसर, मग स्वतःच्या पायावर उभे राहणे आणि मग एकमेकांना हात. सातारा जिल्ह्यातील खटावचे सुपुत्र आणि संघाचे प्रचारक लक्ष्मणराव इनामदार यांनी १९७८ साली सहकार भारतीचा पाया घातला, तेव्हा संस्काराविना सहकार नाही, हेच सूत्र समोर ठेवले. महाराष्ट्रात बुडालेल्या पतसंस्थांची यादी पाहिली, तर त्या भांडवलाअभावी कमी आणि संस्काराअभावी अधिक बुडाल्या, असेच म्हणावे लागते.

जे संस्थेचे तेच घराचे. ऋणमुक्तीचे पहिले पाऊल म्हणजे घरातल्या सर्व जाणत्या माणसांनी एकत्र बसणे. रात्रीचे जेवण आटोपल्यावर दूरदर्शन संच बंद करावा, एक वही घ्यावी आणि प्रत्येक कर्ज लिहून काढावे. मुद्दल किती, व्याजदर किती, हप्ता किती, मुदत किती. किराणा दुकानाची उधारी आणि मित्राकडून घेतलेले उसनेही त्यात आले पाहिजे. ज्याने कर्ज लपवले असेल त्याला त्या रात्री दोष देऊ नये. आकडा बाहेर आला, हेच त्या बैठकीचे यश. मग सर्वांत चढ्या व्याजाचे कर्ज आधी फेडावे. सात टक्क्यांची मुदत ठेव सांभाळून कार्डावर चाळीस टक्के व्याज भरणारी सुशिक्षित घरे कमी नाहीत. तातडीच्या आजारपणापुरते शिल्लक ठेवून अशी ठेव मोडावी, त्यात कमीपणा नाही. घरकर्जाचेही असेच आहे. पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि मुद्दलाहून अधिक व्याज भरावे लागते. वर्षाकाठी एक हप्ता जादा भरत गेल्यास तेच कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते आणि पाच लाखांहून अधिक रुपये वाचतात. आपल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट वेगळी शिकवायला नको. वर्षभर थोडे थोडे बाजूला ठेवून गुरुदक्षिणेच्या दिवशी ध्वजापुढे समर्पण करण्याचा परिपाठ संघात १९२८ पासून चालत आला आहे. तोच परिपाठ घराच्या वहीत आणायचा आहे.

काटकसरीबद्दल मात्र एक कटू सत्य सांगितले पाहिजे. अनेक घरांत काटकसर सुरू होते ती गृहिणीच्या साडीपासून आणि आजीच्या औषधापासून. ज्याचा आवाज घरात सर्वांत हळू, त्याचा खर्च सर्वांत आधी कापला जातो. ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे. कपात कमावत्या माणसाने स्वतःपासून सुरू करावी. त्याचे हॉटेल, त्याचे वाहन, त्याचा नवा मोबाइल आधी थांबावा. मुलांनाही विश्वासात घ्यावे. वडिलांनी स्वतःची हौस बाजूला ठेवलेली पाहिली, की मुले सहल सोडायलाही हसत तयार होतात. आणि प्रतिष्ठेच्या नावाखाली होणारा लग्नातला खर्च? भाषणात साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या आपल्यातीलच काहींच्या मंगल कार्यालयातील पंगती पाहिल्या, तर साधेपणा हा आपण इतरांसाठी राखून ठेवला आहे की काय, असा प्रश्न पडतो. ऋण काढून सण न करण्याचे शहाणपण आपल्या म्हणीत आहे. ते आपल्या घरात यायला हवे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. सगळ्यांनीच खर्च कमी केला, तर बाजार मंदावेल, असे अर्थशास्त्राचे जाणकार म्हणतील. पण उत्पन्नातून होणारा खर्च आणि उद्याच्या उत्पन्नावर हात मारून होणारा खर्च यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या मागणीवर उभा राहिलेला बाजार कधी ना कधी खाली बसतोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळी कर्जे चंगळीतून होत नाहीत. शस्त्रक्रिया, मुलीचे महाविद्यालय, बंद पडलेला कारखाना यांतूनही घर कर्जात जाते. अशा घराला काटकसरीचे पाठ देणे हा निष्ठुरपणा होईल. तिथे उपदेश नको, आधार हवा.

या आधारालाही शिस्त लागते. भिडेपोटी जामीन राहू नये. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते, हे सही करताना आठवावे. त्यापेक्षा चार भावंडांनी, दोन मित्रांनी मिळून झेपेल तेवढी रक्कम बिनव्याजी द्यावी, ती कागदावर लिहावी आणि परतफेडीचे दिवस ठरवून घ्यावेत. लिहिणे हा अविश्वास नव्हे. त्यानेच नाते टिकते. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून प्रयोग म्हणून सुरू केलेली बचत गट-बँक जोडणीची चळवळ आज देशभर पसरली आहे, ती याच लेखी शिस्तीच्या बळावर. दरमहा ठरलेल्या दिवशी जमणाऱ्या, हिशेब सर्वांसमोर वाचणाऱ्या गावाकडच्या भगिनी जे करतात, ते शहरातल्या सोसायटीतील सुशिक्षितांना अवघड का जावे?

आणि सर्वांत मोठा आधार पैशाचा नसतो, सोबतीचा असतो. वसुलीचा फोन येऊ लागला की माणूस खचतो, लोकांना टाळू लागतो, प्रसंगी टोकाचा विचार करतो. कर्जवसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. पण खचलेल्या माणसाला हे सांगणार कोण? त्याच्यासोबत बँकेत जाऊन मुदत वाढवून मागणार कोण? हे काम शेजाऱ्याचे आहे, मित्राचे आहे आणि आमच्या मते प्रथमतः स्वयंसेवकाचे आहे.

इथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. वस्तीतील प्रत्येक घराशी आपला संपर्क असतो, असे आपण म्हणतो. कोणाकडे मुंज आहे, कोणाचा मुलगा परदेशी गेला, हे आपल्याला ठाऊक असते. पण रोज शाखेत येणारा एखादा तरुण अचानक येईनासा झाला, तर तो कर्जाच्या लाजेने तोंड लपवतो आहे का, हे किती जण पाहून येतात? संघाच्या शताब्दीनिमित्त कुटुंब प्रबोधनाचा विषय घरोघर पोहोचवला जात आहे. एकत्र भोजन आणि एकत्र भजन यांच्या जोडीला महिन्यातून एक संध्याकाळ घराच्या हिशेबाची असावी, एवढी भर त्यात घालावी, असे आम्ही सुचवतो.

तुकोबांनी बुडवली ती स्वतःच्या येण्याची खते. सुप्यात जळली ती दुसऱ्याची. आपल्यासमोरचा मार्ग तिसरा आहे: आपले देणे आपल्या हाताने, आपल्या माणसांच्या साथीने, वेळेत फेडणे. हा मार्ग लांबचा आहे, त्यात जयघोष नाही. पण शेवटचा हप्ता भरल्यावर त्या घरातील माणसे ज्या मोकळेपणाने श्वास घेतात, त्याची किंमत त्यांनाच कळते. त्याची सुरुवात आज रात्रीच्या वहीपासून व्हावी. आणि ज्यांच्या घरात कर्ज नाही, त्यांनी आपल्या परिचयातील एक दार उद्या ठोठावावे.