हौसेला मोल असते

सप्टेंबर महिना जवळ आला की आमच्या जिल्ह्यातील कॅथलिक समाजाची पावले हरेगावच्या वाटेला लागतात. श्रीरामपूर तालुक्यातील या गावी मतमाऊलीच्या यात्रेला दूरदूरहून भाविक येतात. पुढेमागे इतर धर्मग्रामांतही आपापल्या आश्रयदात्या संतांच्या सणांची तयारी सुरू होते. नोव्हेना, मंडप, वेदीची सजावट, गायनवृंदाचा सराव, स्नेहभोजन, सारे यथासांग होते. या यादीत अलीकडे आणखी एका कलमाची भर पडू लागल्याचे आमच्या कानांवर येते. ते कलम म्हणजे युवकांनी घरच्या घरी तयार केलेले शोभेचे दारूकाम, आणि त्यातही आकाशात जाऊन फुटणारे गोळे. या प्रथेने अजून मूळ धरलेले नाही. म्हणूनच आज तिच्याविरुद्ध लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आम्ही आनंदाचे वैरी नाही. पुनरुत्थानाच्या पूर्वरात्री मंदिराबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावरून मेणबत्ती उजळणारी आमची ख्रिस्तसभा आहे. तिला उजेडाचे वावडे असण्याचे कारण नाही. शोभेच्या दारूची कला क्षुद्र आहे, असेही आम्ही म्हणत नाही. या देशात तिला काही शतकांचा इतिहास आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी परशुराम कृष्ण गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या कालखंडातील भारतीय आतषबाजीचा इतिहास कष्टपूर्वक जुळवून ठेवला आहे. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद या गावी तर दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे गावकऱ्यांच्या मंडळांनी स्वतः बनवलेले दारूकाम रात्रभर उडत असते. आमच्या युवकांपुढे बहुधा हाच आदर्श असतो. "ते आपल्या दैवतासाठी करतात, मग आपण मतमाऊलीसाठी का करू नये?" असा त्यांचा सवाल असतो.

सवाल सरळ आहे. उत्तरही सरळ दिले पाहिजे. ज्या गावाचे कौशल्य आपण वाखाणतो, त्या गावाने त्याची किंमतही मोजली आहे. कवठे एकंद येथेच २०१५ च्या मे महिन्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. पिढ्यान्‌पिढ्या दारू हाताळणाऱ्या गावाची ही कथा. तामिळनाडूतील शिवकाशी हे तर फटाक्यांचे माहेरघर. तेथे ५ सप्टेंबर २०१२ रोजी एकाच दुर्घटनेत चाळीसच्या आसपास जीव गेले. पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागली, ती वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत. त्या आगीत जळाल्या त्या पोटासाठी राबणाऱ्या स्त्रिया. जेथे हात सरावलेले आहेत तेथे ही स्थिती असेल, तर आमच्या एखाद्या घराच्या पडवीत, शेजारी चूल पेटलेली आणि उंबऱ्यात लेकरू खेळत असलेले, अशा जागी हे काम सुरक्षित कसे होईल?

"हौसेला मोल नाही" अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे म्हणणे असे की, हौसेला मोल असते. प्रश्न एवढाच की ते कोणी मोजायचे. इतर हौशी माणसांचा विचार करा. नवशिक्या कुंभाराचे मडके फुटते, तो दुसरे घडवतो. हौशी गायकाचा सूर चुकला तर श्रोत्यांचे कान क्षणभर दुखतात, आणि पुढच्या रविवारी तो सुधारतो. चुकत चुकत शिकणे हा हौसेचा प्राण आहे. नेमके तेच येथे होऊ शकत नाही. आकाशगोळ्यात दोन कामे साधायची असतात: एका दारूने गोळा नळ्यातून वर फेकायचा आणि दुसरीने तो उंचावर फोडायचा. या दोहोंमधला हिशेब क्षणभर चुकला तर गोळा नळ्यातच फुटतो, नाहीतर गर्दीच्या डोक्यावर. ज्या विद्येत पहिली चूक हीच शेवटची ठरू शकते, ती हौसेने शिकण्याची विद्या नव्हे. शिवाय ती चूक करणाऱ्याच्याच हातावर फुटेल, याचीही शाश्वती नसते. भिंतीपलीकडे झोपलेल्या म्हातारीला कोणी विचारलेले नसते. आईच्या कडेवर बसून वर पाहणाऱ्या बालकाने संमती दिलेली नसते.

येथेच भक्तीचा प्रश्न येतो. अर्पण म्हणजे जे आपले आहे ते देणे. आपली कमाई द्यावी, आपला वेळ द्यावा, आपला घाम द्यावा. शेजाऱ्याचा डोळा पणाला लावून केलेले अर्पण आपले नसते, ते त्याचे असते. आणि न विचारता दुसऱ्याचे दिलेले दान देवाला पोहोचते असे आमच्या धर्मशिक्षणात कोठेही सांगितलेले नाही. १९९२ साली प्रसृत झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेचे विवरण करताना, नशेपायी किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोषी मानले आहे. वेगाच्या हौसेला जो न्याय, तोच आवाजाच्या हौसेला का नसावा?

कोणी म्हणेल, ख्रिस्ती देशांतही हे चालते. चालते खरे. भूमध्य समुद्रातील माल्टा या कॅथलिक बेटांवर गावोगावी संतांच्या सणांसाठी हौशी स्वयंसेवक आकाशगोळे बनवतात. एका मंडळाची दुसऱ्याशी चुरस असते. तेथील ग्रामसणांना युनेस्कोने २०२३ साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही दिले. परंतु त्या चित्राची दुसरी बाजूही पाहावी. तेथे हे काम परसदारी होत नाही. त्यासाठी परवाने आहेत, वेगळ्या जागा आहेत. तरीही ५ सप्टेंबर २०१० रोजी गोझो बेटावरील फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक जण होते. पवित्र मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला. तो त्या बेटावरही साजरा होतो आणि आपणही त्याच दिवसांत मतमाऊलीच्या चरणी जमतो. तिच्या जन्मोत्सवाला तीन दिवस उरले असताना एका घरातून इतक्या शवपेट्या निघाव्यात, हे त्या मातेला आवडले असेल काय? याच माल्टावर संत पौलाचे तारू फुटले होते. शेकोटीत काटक्या टाकताना त्याच्या हाताला विषारी सर्प डसला, तो त्याने झटकून टाकला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पौलाने तो सर्प हौसेने हाती धरलेला नव्हता. चमत्कार संकटात सापडलेल्यासाठी असतात. संकट घरी बनवणाऱ्यासाठी नसतात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह आपल्या प्रभूने याच कारणास्तव नाकारला.

आता कायद्याची गोष्ट. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ चा, त्याखालील सध्याचे नियम २००८ चे. या व्यवहारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. फटाके बनवण्यासाठी परवाना लागतो, आणि "आम्ही विकत नाही, देवासाठी करतो" ही सबब परवान्याची जागा घेऊ शकत नाही. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण फटाक्यांत वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, कारण ते किंचित घर्षणानेही पेट घेते. ही बंदी परवानाधारक कारखान्यांनाही आहे. मग जेथे तपासणीसच पोहोचत नाही त्या पडवीत काय कुटले जाते, हे कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात नाताळच्या रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच मुभा ठेवली. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर तासभर बार उडवणारे मंडळ कायदा मोडत असते, आणि तेही मंदिराच्या आवारात.

तथापि आमचा रोख युवकांवर नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आग खुणावणारच. त्याच्या ठिकाणी जिज्ञासा आहे, हाताला कसब आहे, चारचौघांत नाव व्हावे अशी इच्छा आहे. यांतले काहीच पाप नाही. दोष आहे तो आम्हा वडीलधाऱ्यांचा. पावतीपुस्तकात दारूकामासाठी रक्कम कोण लिहितो? ध्वनिक्षेपकावरून त्या मुलांची नावे कोण पुकारतो? शेजारच्या धर्मग्रामापेक्षा आपला सण मोठा झाला पाहिजे, हा हट्ट कोणाचा? त्या मुलाचा हात भाजला तर हीच सण समिती "आम्ही त्याला सांगितले नव्हते" म्हणून हात झटकील. टाळ्या वाजवणारा आणि जबाबदारी नाकारणारा हात एकच असतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या सण समितीने ठराव करावा की, घरी बनवलेल्या कोणत्याही दारूकामास आवारात जागा नाही आणि त्यासाठी निधीतून एक रुपयाही नाही. आतषबाजी हवीच असेल तर ती परवानाधारकाकडून, रीतसर परवानगीने, मोकळ्या जागी, वेळेच्या मर्यादेत व्हावी. नसली तरी सण उणा होत नाही. आणि मुलांच्या जिज्ञासेला नुसता नकार देऊन चालणार नाही. ज्याला अग्नीचे रसायन शिकायचे आहे त्याच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी तोच निधी वळवावा. प्रकाशयोजना, नेपथ्य, जिवंत देखावे यांत कसबी हातांना भरपूर काम आहे.

आमच्या जिल्ह्याला, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, दारू नवी नाही. विजापूरला आज उभी असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली याच नगरात ओतली गेली. याच नगराच्या वेढ्यात, १५९५-९६ च्या हिवाळ्यात, मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले होते. चांदबीबीच्या माणसांनी ते शोधून त्यांतली दारू बाहेर काढली. एक राहून गेला, तो उडाला आणि तट ढासळला. राणीने रातोरात तो बांधून काढला. तोफ ओतणाऱ्याचे नाव आज अभ्यासकांनाच ठाऊक आहे. भिंतीखालची दारू काढणारीचे नाव नगरचे पोरही सांगते. आमच्या भिंतींखाली दारू आम्हीच ठेवत आहोत. ती वेळीच काढावी.