मेटॅफर म्हणजे रूपक नव्हे
महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणावर प्रश्न असतो. शीर्षक, कवी, यमकयोजना, मध्यवर्ती कल्पना आणि एखादा अलंकार अशी उत्तराची मुद्देसूद आखणी असते. तोच विद्यार्थी मराठीच्या तासालाही अलंकार शिकत असतो. या दोन तासांना जोडणारा पूल म्हणून फळ्यावर आणि मार्गदर्शिकांमध्ये एक कोष्टक दिलेले असते : सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. कोष्टक सोयीचे आहे, परीक्षेपुरते उपयोगीही आहे. परंतु ते चुकीचे आहे, आणि त्याची चूक तपशिलाची नसून सिद्धांताची आहे. दोन प्राचीन शास्त्रांच्या संज्ञा त्यामागील प्रश्नांपासून तोडून एकमेकींना चिकटवल्या, की विद्यार्थ्याच्या हाती दोन्हींपैकी एकही शास्त्र लागत नाही.

कोष्टकातील सर्वांत निर्धास्त समीकरण तपासून पाहावे. ‘आमचे सर म्हणजे वाघ’ या वाक्यात उपमेय आणि उपमान दोन्ही उपस्थित आहेत आणि त्यांच्यात अभेद कल्पिला आहे. म्हणून ते रूपक. सरांना उद्देशून नुसते ‘वर्गात वाघ शिरला’ असे म्हटले तर? इंग्रजीच्या तासाला ते बिनदिक्कत मेटॅफर ठरते. मराठीच्या तासाला शिकविलेल्या व्याख्येनुसार मात्र ते रूपक ठरू शकत नाही, कारण उपमेयाचा उच्चारच नाही. मम्मटाच्या विवेचनात अशा उक्तीला निश्चित जागा आहे. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे, म्हणून ती अतिशयोक्ती. तिच्या मुळाशी साध्यवसाना लक्षणा आहे. शालेय व्याकरणात मात्र अतिशयोक्ती म्हणजे वाजवीपेक्षा फुगवून सांगणे एवढाच अर्थ उरला आहे. लोकमर्यादा ओलांडणारे वचन हा अर्थ भामहाइतका जुना आहे, हे खरे. पण भामहाला त्यात सर्व अलंकारांत वावरणारी वक्रोक्ती दिसत होती. कोष्टकाला हायपरबोलीशी जुळेल एवढाच तुकडा हवा होता. परिणामी ‘वर्गात वाघ शिरला’ हे वाक्य मराठीच्या तासाला बेघर झाले आहे.

उलट दिशेनेही हीच गत. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये मेटॅफरचे चार प्रकार सांगितले : जातीकडून उपजातीकडे, उपजातीकडून जातीकडे, एका उपजातीकडून दुसरीकडे आणि साधर्म्याच्या प्रमाणावर आधारलेले नामांतरण. यांतील फक्त चौथा प्रकार रूपकाच्या आसपास येतो. रूपक हा शब्द उच्चारताच उरलेले तीन नजरेआड होतात.

मेटॉनिमीच्या बाबतीत तर कोष्टक पुरते उघडे पडते. ‘सगळा गाव धावून आला’ या वाक्यात इंग्रजी व्याकरण एक अलंकार पाहते आणि त्याला सिमिलीच्या पंक्तीत बसविते. भारतीय परंपरेत हा अलंकाराचा विषयच नाही. ‘गंगेवर गवळीवाडा’ या प्रसिद्ध उदाहरणाप्रमाणे तो शब्दशक्तीचा, लक्षणेचा विषय आहे. अलंकार त्याच्या पुढच्या पायरीवर येतो. हा वर्गीकरणाचा किरकोळ फरक नव्हे. अर्थाचे स्थलांतर हा भाषेवर चढविलेला साज आहे की भाषेच्या कार्यपद्धतीचाच भाग आहे, हा मूलभूत प्रश्न त्यामागे आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ च्या ‘द फिलॉसफी ऑफ ऱ्हेटरिक’मध्ये मेटॅफर हे भाषेचे सर्वव्यापी तत्त्व आहे असे आग्रहाने मांडले, तेव्हा ते याच प्रश्नाला भिडत होते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याजवळ लक्षणेच्या रूपाने या चर्चेची किल्ली आधीपासून असते. कोष्टक ती त्याच्या हातून काढून घेते.

या अवस्थेचा दोष केवळ मार्गदर्शिकांवर टाकणे सोपे आहे. ऱ्हेटरिक म्हणजे अलंकारांची यादी ही समजूत युरोपातच घडली. ॲरिस्टॉटलला ऱ्हेटरिक म्हणजे प्रत्येक प्रसंगी मन वळविण्याची उपलब्ध साधने ओळखण्याची शक्ती वाटत होती. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावस्थिती आणि युक्तिवाद ही तिची तीन अंगे होती. सोळाव्या शतकात पीटर रामुसने विषयाचा शोध आणि मांडणी ही अंगे तर्कशास्त्राकडे सोपविली आणि ऱ्हेटरिककडे शैली व सादरीकरण एवढेच ठेवले. जेरार जेनेत यांनी १९७० साली ज्याला ‘संकुचित ऱ्हेटरिक’ म्हटले, त्याचा एक महत्त्वाचा टप्पा येथे आहे. महाराष्ट्रातील शाळेपर्यंत पोहोचले ते हेच आक्रसलेले रूप. आणि ‘अलंकार’ या शब्दाशी जखडले जाताच त्यातील मन वळविण्याचा उरलासुरला अर्थही दागिन्याखाली झाकला गेला. जाहिरात, निवडणुकीतील भाषण, वर्तमानपत्राचा अग्रलेख यांतील शब्दयोजना तपासण्याचे साधन विद्यार्थ्याला मिळायला हवे होते. त्याच्या वाट्याला मात्र कवितेतील एका ओळीला नाव देण्याचे काम आले.

या दुरवस्थेवर एक लोकप्रिय उपाय सुचविला जातो : संज्ञा टाकून द्याव्यात, मुलांना कवितेचा निखळ आनंद घेऊ द्यावा. ही भूमिका उदार दिसते. परिणामी ती अन्यायकारक आहे. निखळ आस्वाद म्हणून जे गौरविले जाते ते बहुधा घरातून आलेले असते. ज्या घरात पुस्तके आहेत, इंग्रजी बोलले जाते, तेथील मुलाच्या कानावर भाषेची वळणे आपोआप पडतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी शिकत आहे, त्याच्यासाठी संज्ञा हे उघडपणे शिकविता येणारे, उघडपणे तपासता येणारे साधन आहे. रसिकता वारशाने मिळू शकते; संज्ञा शाळाच देऊ शकते. शाळेने तेही देण्याचे नाकारले, तर वारसा हीच गुणवत्ता ठरेल. यादीचे समर्थक विद्यार्थ्याला बोथट हत्यार देतात. आनंदवादी त्याला निःशस्त्र करतात.

संज्ञा राहिल्याच पाहिजेत, पण प्रश्नांसह. ‘कोणता अलंकार?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन सुटका होते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त विचारलेले प्रश्न इतके स्वस्त नाहीत. अलंकार रसाच्या ओघात, वेगळा खटाटोप न करता आला आहे काय? तो गौण राहिला की स्वतःच मुख्य होऊन बसला? योग्य वेळी तो स्वीकारला आणि योग्य वेळी सोडून दिला काय? प्रमाणाबाहेर ताणला तर नाही ना? या कसोट्या शालेय वर्गात सोप्या भाषेत सहज विचारता येतात, इंग्रजी कवितेलाही लावता येतात. त्यांच्याशेजारी ‘हे कुणी, कुणाला आणि कशासाठी पटवून देत आहे?’ हा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील प्रश्न ठेवला, तर दोन शास्त्रे कोष्टकाविना परस्परांशी बोलू लागतील.

यासाठी परकी संज्ञा देशी करण्यास विरोध करण्याचे कारण नाही. जॉर्ज पटनम याने १५८९ साली ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’मध्ये ग्रीक संज्ञांना बोलभाषेतील नावे दिली, आयरनीला ‘कोरडा टोमणा’, हायपरबोलीला ‘मोठ्याने खोटे बोलणारा’ असे अर्थ होणारी. ती नावे रुळली नाहीत, पण प्रत्येक नाव त्या अलंकाराची कृती सांगत होते. मराठीतील ‘चेतनगुणोक्ती’ मम्मटाच्या यादीत नाही. तरीही ती आपले काम चोख बजावते, कारण नावातच व्याख्या आहे. ‘मेटॅफर म्हणजे रूपक’ हे समीकरण असे काहीच सांगत नाही. ते प्रश्न विचारण्याआधीच बंद करते.

अखेरची जबाबदारी विद्यापीठीय विभागांची आहे. शाळेतील शिक्षक याच विभागांतून पदवी घेऊन जातात. मराठी विभागात काव्यशास्त्राच्या पत्रिकेत मम्मट, इंग्रजी विभागात समीक्षेच्या पत्रिकेत ॲरिस्टॉटल, आणि दोहोंमध्ये एक भिंत, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालू आहे. विरचनेवर निबंध लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला लक्षणेचे तीन हेतू सांगता येत नसतील, तर त्याने उद्या दहावीच्या फळ्यावर कोष्टकच लिहावे, यात नवल नाही. मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी असलेला संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन : लक्षणेच्या या तीन अटी एका तासात शिकविता येतात. त्या तासापुरती तरी दोन विभागांमधील भिंत पाडावी लागेल.