पटवून काम करून घेणे हीच अध्यक्षांची ताकद



जिल्हा परिषदेचे अध्यक्ष शोभेपुरते, खरी सत्ता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, हे आपल्या अंकातील लेखातले विधान अर्धवट आहे. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने ठरावांच्या अंमलबजावणीसाठी या अधिकाऱ्यांवर देखरेख व नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला आहे. स्थायी समितीचे सभापतीही तेच असतात.

नुसत्या हुकमाने कामे होत नाहीत, हे मान्य. पण म्हणून पद पोकळ कसे? सेनगावकडच्या एखाद्या शाळेची गळकी खोली मार्गी लावायची तर शिक्षण सभापतींना विश्वासात घ्यावे लागते, वसमत-कळमनुरीच्या सदस्यांची समजूत काढावी लागते, अभियंत्यांकडून अंदाजपत्रक वेळेत करून घ्यावे लागते आणि नियोजन समितीच्या निधीसाठी पालकमंत्र्यांपुढे बाजू मांडावी लागते. हे ज्यांना जमते त्यांच्या शब्दाला पुढच्या सभेत वजन येते. ते अडीच वर्षांच्या मुदतीत कमवावे लागते, खुर्चीबरोबर मिळत नाही.

लेखकांनी दिलेला अमेरिकी अध्यक्षांच्या हुकमाचा दाखलाही त्यांच्यावरच उलटतो. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये विरोधकांचे बहुमत असलेल्या अमेरिकी काँग्रेसकडून युरोपला मदत देणारी मार्शल योजना मंजूर करून घेतली, ती पटवून. १९५२ मध्ये त्यांनी हुकूम काढून पोलाद कारखाने ताब्यात घेतले. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून हिंगोलीत प्रशासक आले. लेखकांना तो कारभार सरस वाटतो. त्या काळात गावकऱ्याने कोणत्या सदस्याला जाब विचारायचा होता, एवढे त्यांनी सांगावे.

– एक वाचक, औंढा नागनाथ, जि. हिंगोली