अंगावर काढलेला ताप

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, जून 2021 मध्ये, राज्य सरकारच्या पाच स्तरांच्या वर्गवारीत सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात अडकला होता. म्हणजे तपासलेल्या दर दहा नमुन्यांत एकाहून अधिक बाधित. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, यावर मालवणच्या बाजारपेठेत वाद झडत होते. ताप आल्यावर दवाखान्यात कितव्या दिवशी जायचे, यावर मात्र कोणी बोलत नव्हते. दुखणे अंगावर काढणे ही आपली जुनी खोड. एक गोळी, वाटीभर काढा, दोन दिवस पडून राहणे. बहुतेकांचे त्यावर भागतेही. पण ज्यांचे भागत नाही, त्यांच्या रक्तातला प्राणवायू साधारण दुसऱ्या आठवड्यात उतरू लागतो, आणि धाप न लागताही उतरतो. माणूस बोलत असतो, पेज पीत असतो आणि ऑक्सिमीटरवर आकडा 88 असतो. म्हणून सहा मिनिटे चालण्याची चाचणी. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहावा, घरातल्या घरात सहा मिनिटे चालावे, पुन्हा पाहावा. तो 94 च्या खाली गेला किंवा तीनहून अधिकने घसरला, तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा. नखाला मेंदी किंवा रंग असेल, मळ्यातून आल्यामुळे बोट गारठले असेल, तर यंत्र चुकते; हात पुसून, चोळून मग लावावे.

वेळेचे महत्त्व ही नुसती समजूत नव्हे. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून 2020 मध्ये दाखवून दिले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध प्राणवायू लावलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे पाचव्या हिश्शाने आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्शाने घटवते. ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना त्याचा लाभ नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी स्टेरॉइड घेणे आणि दहाव्या दिवसापर्यंत घरी कण्हत राहणे, या दोन्ही चुकाच. त्यात मृग लागला होता. चिखलात उतरणाऱ्याचा ताप लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो, मलेरियाचा, डेंग्यूचाही. बांदा-दोडामार्ग पट्ट्याने तर माकडतापही सोसला आहे. यांतला कोणता ताप घरात शिरला, हे पडवीत बसून ओळखता येत नाही.

‘ओरोसला नेलेला माणूस परत येत नाही’, हे तिथल्या जिल्हा रुग्णालयाबद्दल गावोगाव ऐकू येत होते. यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते: आकडा 80 वर आल्यावर नेलेल्या माणसाला वाचवणे कुठल्याही रुग्णालयाला अवघडच जाते. डॉक्टर अपुरे होते, ही तक्रार मात्र खरी होती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा नुसते मंजूर झाले होते, पण कागदावरच्या महाविद्यालयात खाटा नसतात. इतकी वर्षे आपण गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाच्या भरवशावर राहिलो. 2020 मध्ये सीमा बंद झाल्या आणि मे 2021 मध्ये तिथल्याच प्राणवायूचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. पाठोपाठ तौक्ते वादळाने विजेचे खांब पाडले, गावे अंधारात गेली. इतक्या दूरच्या आणि इतक्या अडथळ्यांच्या उपचारासाठी लवकर निघण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच होता. चाचणी केली आणि बाधित निघालो, तर विलगीकरण केंद्रात नेऊन ठेवतील. मग तरव्याकडे कोण पाहणार, गोठ्यातल्या म्हशीला पेंडा कोण घालणार, आणि परतल्यावर वाडीतले लोक विहिरीवर येऊ देतील का? ही भीती खोटी नव्हती, आणि दंडाची पावती फाडून ती जाणारी नव्हती. मासेमारीबंदीमुळे यांत्रिक होड्या त्या वर्षी 31 जुलैपर्यंत किनाऱ्यावर होत्या. खाडीकाठच्या वाड्यांत निदान काही हात मोकळे होते. 2020 च्या गणेश चतुर्थीला ग्रामसमित्यांनी मुंबईहून उतरलेल्या चाकरमान्यांच्या नोंदी ठेवल्या, विलगीकरणासाठी कोणाला कुठल्या शाळेत ठेवायचे ते ठरवले. त्याच वहीत रुग्णाच्या नावापुढे दुसरे एक नाव लिहिले जायला हवे होते: तो ओरोसला असेपर्यंत त्याची म्हैस कोण दुहणार.